विद्यार्थ्यांनी घडवलेल्या संगणकीय बोर्डावर व्यावसायिक हक्क कोणाचा?

प्रश्न (सर्किटप्रेमी, इंदूर): आम्ही चौघे एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. कारखान्यातील यंत्रांच्या नोंदी टिपणारा एक बोर्ड आम्ही प्रकल्प म्हणून घडवला. सुटे भाग आमच्या पैशांतून आणले, ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण) मात्र प्रयोगशाळेचा वापरला. येथील पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदारांना असे बोर्ड हवे आहेत, परंतु प्रवेशाच्या वेळी आम्ही सही केलेल्या अर्जानुसार सर्व हक्क संस्थेचे आहेत, असे आम्हाला सांगितले जाते. हे खरे असू शकते का?

उत्तर (जुना अभियंता): तो अर्ज लेखी मागून घ्या आणि शब्दन् शब्द वाचा, कारण सारे त्यावरच अवलंबून आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार पेटंटसाठी अर्ज करण्याचा हक्क मुळात खऱ्या आणि प्रथम संशोधकाचा असतो आणि पेटंटचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. विद्यार्थी हा संस्थेचा नोकर नसल्यामुळे केवळ ऑसिलोस्कोप वापरला म्हणून हक्क आपोआप संस्थेकडे जात नाही. प्रवेश-अर्जात ‘हक्क याद्वारे देत आहे’ असे आहे की ‘पुढे देण्याचे मान्य करतो’ असे आहे, हेही पाहा; पहिल्यात हक्क लगेच दिला जातो, दुसऱ्यात फक्त वचन असते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश ही औषध कंपनी यांच्यातील, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादात हा फरक महत्त्वाचा ठरला होता. मार्गदर्शक प्राध्यापकांनी रचनेत खरोखर भर घातली असेल, तर त्यांचे नाव संशोधक म्हणून घालणे हे तुमचे कर्तव्य आहे.

उत्तर (वडोदऱ्याहून): संस्थेसोबत किंवा आपसांत पेटंटची सहमालकी स्वीकारण्यापूर्वी विचार करा. वेगळा करार नसेल, तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतःपुरते वापरू शकतो, पण इतरांच्या संमतीवाचून परवाना देऊ शकत नाही. म्हणजे एकाने अडवले की कारखानदाराला परवाना देता येत नाही. शिवाय एकच कायदा पुरत नाही. बाह्य रूपासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे, आणि स्वतःची चिप आखली असेल तर तिच्या मांडणीसाठी त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे, ज्यात १० वर्षांचे संरक्षण मिळते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मार्चमध्ये महाविद्यालयाच्या प्रदर्शनात आम्ही बोर्ड मांडला होता आणि फलकावर पूर्ण सर्किट आराखडा लावला होता. त्याने काही बिघडते का?

उत्तर (जुना अभियंता): बिघडू शकते, आणि याचीच मला सर्वाधिक काळजी वाटते. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, म्हणजे अर्जाआधी जाहीर झालेला नसावा लागतो. आधी मांडूनही अर्ज करता येण्याची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी आहे. महाविद्यालयीन मेळावा त्यात सहसा बसत नाही. फलकाचे छायाचित्र घेऊन याच आठवड्यात पेटंट एजंटला भेटा, आणि तोवर कारखानदारांना आराखडा देऊ नका.