शब्दचर्चा : 'रीराइट'ला 'वळवणं' म्हणावं का?

मंडळी, एक शब्द अडलाय. इथं कोल्हापुरात आम्ही चारपाच जण वेबसाइटची कामं करतो, नव्या पोरांसाठी मराठीत एक टिपण लिहायला घेतलंय, सर्व्हरवर क्लीन यूआरएल कसे चालू करायचे आणि नाही चालले तर कुठं बघायचं. क्लीन यूआरएलला 'सुटसुटीत पत्ता' जमतंय, म्हणजे मागं प्रश्नचिन्ह न् आयडीचं शेपूट नसलेला. पण रीराइट न् रीडायरेक्ट दोन्हीला पोरं 'वळवणं'च म्हणतात, 'पेज वळवलं तरी 404 (म्हणजे पान सापडलं नाही) येतंय' असं. आणि पुनर्लेखन म्हटलं की निबंध परत लिहायला बसवल्यासारखं वाटतं. तुम्ही काय वापरता?

———

वळवणं फक्त रीडायरेक्टला ठेवा, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय कारण दोन्हीला एकच शब्द वापरला की पोरगं चूक भलतीकडंच शोधत बसतं. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा वाहतूक वळवली, तिथं ड्रायव्हरला माहीत असतं की आपण दुसऱ्या रस्त्यानं चाललोय. रीडायरेक्ट तसंच, सर्व्हर 301 (कायमचं) नाहीतर 302 (तात्पुरतं) असा आकडा न् नवीन पत्ता सांगतो, ब्राउझर स्वतः नवीन पत्त्यावर जातो, वरच्या पट्टीत पत्ता बदललेला दिसतो. रीराइटमध्ये ब्राउझरला यातलं काय बी कळत नाही, सर्व्हर आतल्या आत ठरवतो की हे मागणं अमक्या फाइलकडं द्यायचं. म्हणून आम्ही बोलताना 'आतून बदलणं' म्हणतो आणि लिहिताना सरळ रीराइटच लिहितो.

हा फरक डोक्यात बसला की निम्मी भानगड सुटते. नेहमीची तक्रार बघा, पान उघडतंय पण डिझाइन गेलं, सगळं उघडंबोडकं दिसतंय. रूल, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या फाइलकडं द्यायचा ते सांगणारी ओळ, बरोबर असतो ओ! समजा पत्ता /गूळ/काकवी असा आहे, तर ब्राउझरला वाटतं आपण 'गूळ' नावाच्या फोल्डरमध्ये आहोत, म्हणून तो स्टाइलची फाइल पण त्याच फोल्डरात मागतो, तिथं ती नसतेच. फाइलच्या पत्त्याआधी स्लॅश द्या, झालं.

आणि तुमच्या टिपणात 'रूल लागला नाही' आणि 'रूल वाचलाच नाही' हे दोन वाक्प्रयोग वेगळे ठेवा. होमपेज उघडतंय, आतली सगळी पानं 404, असं नव्या सर्व्हरवर झालं की बहुतेक वेळा 'वाचलाच नाही' हेच असतं. अपाचे 2.4 या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये अलाव-ओव्हरराइड ही सेटिंग मुळातच 'नन' असते, मग साइटच्या फोल्डरात आपण रूल लिहितो त्या डॉट एचटीअॅक्सेस फाइलकडं सर्व्हर ढुंकूनही बघत नाही. तपासायचं कसं, तर त्या फाइलच्या पहिल्या ओळीत मुद्दाम कायतरी निरर्थक अक्षरं टाका आणि पान रिफ्रेश करा. 500 एरर आला तर फाइल वाचली जातेय, काहीच फरक पडला नाही तर वाचलीच जात नाही, मग रूल कितीही घासूनपुसून लिहा उपयोग शून्य. वाचली जातेय तरी रूल लागत नसेल तर रूलच्या सुरुवातीचा स्लॅश बघा, डॉट एचटीअॅक्सेसमध्ये पत्त्याच्या सुरुवातीचा स्लॅश सर्व्हरनं आधीच काढलेला असतो त्यामुळं ^/ नं सुरू होणारा रूल तिथं कधीच जुळत नाही.

———

वरच्याशी सहमत, फक्त एक. एनजिनेक्सवर, म्हणजे अपाचेऐवजी दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर, असाल तर डॉट एचटीअॅक्सेस हा विषयच नाही, तो ती फाइल वाचतच नाही, तिथं सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ट्राय-फाइल्स ही ओळ लिहायची. टिपणात वरतीच लिहा, कुठला सर्व्हर ते आधी बघा म्हणून. आणि 301 ला 'कायमचं वळवणं' म्हणा, त्यातला 'कायमचं' महत्त्वाचा, ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि तुम्ही रूल काढला तरी जुन्याच वाटेनं जात राहतो. चाचणी चालू असेपर्यंत 302 वापरा.

———

लई आभार दोघांचे, वळवणं आणि आतून बदलणं हेच घेतो. आता एक शेवटचं, शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याची साइट आहे, त्यांना पत्ते देवनागरीतच पाहिजेत. इंग्रजी पत्ते चालतात, देवनागरीला 404. आणि पत्ता कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की पर्सेंटच्या खुणांची रांगच येते.

———

ती रांग बरोबरच आहे, बिघाड नव्हे. 'गूळ'मध्ये ग, दीर्घ ऊकार न् ळ अशी तीन चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला पर्सेंट धरून तीन अक्षरं, झाली 27. अपाचे मात्र ती रांग उलगडून मगच रूलशी जुळवतो, त्यामुळं रूलमध्ये पर्सेंट लिहू नका. 404 चं कारण बहुतेक रूलमधल्या कंसातच असणार, तिथं इंग्रजी बारकी अक्षरं, आकडे न् आडवी रेघ एवढ्यालाच परवानगी असते, देवनागरी त्यात बसत नाही. त्याजागी ([^/]+) टाका, म्हणजे स्लॅश सोडून काहीही, मग गूळ पण चालेल आणि काकवी पण.