मदत हवी आहे : लाइमसाठीचं सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन विमा कंपनीने नाकारलं, अपील कसं करायचं?

चार्ल्सकाठ
बायकोला क्रॉनिक, म्हणजे जुनाट, लाइम आहे (गोचीड चावून होणारा जिवाणूचा आजार). डॉक्टरांनी शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, 12 आठवडे. विमा कंपनीचं पत्र : नामंजूर. मॅसॅच्युसेट्समध्ये दीर्घ अँटिबायोटिकचा खर्च द्यायचा कायदा आहे ना? मग नाही कसं म्हणतात? अपिलात कलम टाकलं की झालं का? मसुदा असेल तर टाका, सोमवारी पाठवायचंय. "डॉक्टर बदला" हा सल्ला नको.

फाइलवाला
मसुदा नंतर. प्लॅन सेल्फ-फंडेड (खर्च नोकरी देणाऱ्या कंपनीचा) की फुली इन्शुअर्ड (खर्च विमा कंपनीचा)? पत्रात कारण काय, 'वैद्यकीय गरज नाही' की 'प्रायोगिक'? आणि पत्राची तारीख?

चार्ल्सकाठ
कार्डावर विमा कंपनीचं नाव छापलंय. म्हणजे इन्शुअर्डच. कारण : गरज नाही.

फाइलवाला
कार्डावरून काही कळत नाही हो. सेल्फ-फंडेडमध्ये पैसे नोकरी देणाऱ्या कंपनीचे, विमा कंपनी नुसती कारकुनी करते, पण कार्ड तिचंच असतं. असा प्लॅन 1974 च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतो, राज्याचे विमा कायदे त्याला लागत नाहीत. तुम्ही म्हणताय तो कायदा 2016 चा, गव्हर्नर बेकर यांचा व्हेटो मोडून विधिमंडळाने आणला. सेल्फ-फंडेड असाल तर तुमच्यासाठी तो नुसता कागद. एचआरला ईमेलवर विचारा, फोनवर नको. 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' ही प्लॅनची माहितीपुस्तिकाही मागवा, त्यात शेवटाकडे लिहिलेलं असतं. फुली इन्शुअर्ड निघाला तरी पॉलिसी कोणत्या राज्यात काढली ते बघा. मुख्यालय टेक्ससला आणि पॉलिसी तिथली, तर मॅसॅच्युसेट्सचं कलम टाकून उपयोग नाही.

हार्टफर्डकर
आमच्या कनेक्टिकटचा कायदा 1999 चा. 30 दिवस शिरेतून, 60 दिवस तोंडाने, एवढं द्यावंच लागतं. पुढचं हवं असेल तर संधिवात, संसर्गरोग किंवा न्यूरॉलॉजीच्या बोर्ड-सर्टिफाइड तज्ज्ञाची शिफारस लागते. जास्त नेमका आहे.

फाइलवाला
असेल. पण ते राहतात बॉस्टनला.

पाचपट्टे
रिपोर्ट कुठाय? वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचणीत, आयजीजीचे (उशिरा बनणारी प्रतिपिंडं) किती बँड? फक्त आयजीएम (आधी बनणारी) पॉझिटिव्ह असेल आणि आजार महिन्याहून जुना असेल, तर तो धरत नाहीत. आयजीजीचे 10 पैकी 5 लागतात. आधी कोणतं औषध किती दिवस झालं? डोळ्यांना दिसेल असं काही लक्षण आहे का, की नुसता थकवा आणि अंगदुखी?

चार्ल्सकाठ
आयजीजी 7. डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 28 दिवस झालं. थकवा आहेच. उजवा गुडघा सुजलेला आहे, तो तर पहिल्यापासून.

पाचपट्टे
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! याला क्रॉनिक लाइम कशाला म्हणताय? हा लाइम आर्थ्रायटिस आहे, म्हणजे लाइममुळे आलेली सांध्याची सूज, कोड ए69.23. आयसीडी-10 या आजारांच्या कोड-यादीत 'क्रॉनिक लाइम' नावाचा कोडच नाही. डॉक्टरांच्या पत्रात ते दोन शब्द दिसले की विमा कंपनीचा समीक्षक 2001 ची क्लेम्पनर चाचणी काढतो : 30 दिवस शिरेतून, मग 60 दिवस डॉक्सी, आणि प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या डोसापेक्षा) फरक नाही. पण त्या रुग्णांचे नेहमीचे उपचार संपून नुसती लक्षणं उरली होती. तुमच्याकडे सूज आहे. 2020 ची आयडीएसएची (अमेरिकेतल्या संसर्गरोग-तज्ज्ञांची संघटना) मार्गदर्शिका, जी विमा कंपन्यांची लाडकी, तीच सांगते : तोंडावाटे कोर्स होऊनही सूज फारशी उतरली नाही, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन 2 ते 4 आठवडे. त्यांच्याच पुस्तकातलं पान त्यांच्यापुढे ठेवा. 12 आठवडे नाही, 28 दिवस मागा, रोज 2 ग्रॅम.

टिकटिक
म्हणजे शरणागतीच. आयएलएडीएसची (दीर्घ उपचारांच्या बाजूची लाइम-डॉक्टरांची संघटना) 2014 ची मार्गदर्शिका उपचाराची मुदत रुग्णागणिक ठरवा म्हणते. आणि आयडीएसएच्या 2006 च्या मार्गदर्शिकेची कनेक्टिकटचे अ‍ॅटर्नी जनरल ब्लूमेंथाल यांनी चौकशी केली होती, हितसंबंधांवरून. विसरलात?

पाचपट्टे
नाही विसरलो. 2008 ला तडजोड झाली, नवं पॅनेल नेमलं आणि 2010 मध्ये त्याने सगळ्याच्या सगळ्या 69 शिफारशी कायम ठेवल्या. फॅलनच्या 2008 च्या अभ्यासात हेच औषध 10 आठवडे शिरेतून दिलं, 12 व्या आठवड्याला आकलनात दिसलेला फायदा 24 व्याला उरला नव्हता. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन लांबलं की पित्ताशयात गाळ धरतो, पिक लाइनला (दंडाच्या शिरेतून घातलेल्या नळीला) संसर्ग किंवा गुठळी होते, सी. डिफ या आतड्यातल्या जिवाणूचे जुलाब वेगळेच.

टिकटिक
आणि 28 दिवसांनी गुडघा तसाच राहिला तर?

पाचपट्टे
तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ. तेव्हा मेथोट्रेक्सेटसारख्या, प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांचा विचार होतो, आणखी अँटिबायोटिकचा नाही.

दोडामार्गकर
गोचीड चावल्यावर तेल, रॉकेल, काडेपेटी काही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. आमच्याकडे सिंधुदुर्गात माकडताप होतो, तोही गोचिडीचाच. 2016 पासून दोडामार्ग तालुका त्रस्त आहे.

पाचपट्टे
अवांतर : तो विषाणू, हा जिवाणू. माकडतापावर अँटिबायोटिक चालत नाही. गोचीडही निराळी.

चार्ल्सकाठ
गोचीड कधीची गेली हो. एचआरचं उत्तर आलं, सेल्फ-फंडेड. म्हणजे संपलं?

फाइलवाला
संपलं नाही, कलम तेवढं गेलं. नाकारल्याचं पत्र मिळाल्यापासून अपिलाला 180 दिवस असतात, म्हणून सोमवारची घाई सोडा. आधी क्लेम फाइल, म्हणजे तुमच्या दाव्याची त्यांच्याकडची सगळी कागदपत्रं, लेखी मागा, फुकट द्यावी लागते. त्यात समीक्षक कोणत्या विषयाचा तज्ज्ञ ते आणि त्यांनी वापरलेला निकष दोन्ही बघा. निकष 'क्रॉनिक लाइम'चा लावला असेल तर अपिलाचा पहिला परिच्छेद तोच. सोबत ब्लॉटचा रिपोर्ट, डॉक्सीच्या तारखा, गुडघ्याचं तपासणी-टिपण, गुडघ्यातलं पाणी काढलं असेल तर त्याची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी). डॉक्टरांना पीअर-टू-पीअर फोनही (त्यांचं आणि कंपनीच्या डॉक्टरचं थेट बोलणं) मागायला सांगा. औषध सुरू व्हायच्या आधीचं अपील असल्याने 30 दिवसांत निकाल द्यावा लागतो. तिथेही नाही म्हणाले, तर 4 महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र समीक्षेला जाता येतं.

चार्ल्सकाठ
पाणी काढलेलं नाही. डॉक्टर म्हणाले गरज नाही. आणि ते पत्रातून 'क्रॉनिक' काढायला तयार होतील असं वाटत नाही.

टिकटिक
काढूही नयेत.

पाचपट्टे
त्यांच्या पत्रात राहू दे. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडून गुडघ्यापुरतं वेगळं पत्र घ्या, पाणी तेच काढतील. याला डॉक्टर बदलणं म्हणत नाहीत.

चार्ल्सकाठ
अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळतेय. पत्र 2 तारखेचं आहे, गेल्या महिन्यातलं. चालेल ना?

फाइलवाला
चालेल. क्लेम फाइलची मागणी मात्र आजच फॅक्स करा. नंबर पत्राच्या शेवटच्या पानावर असतो. फॅक्स गेल्याचा पावती-कागद जपून ठेवा.