सीमेपलीकडे माल न्यायचाय, गाड्यांची तयारी कशी करू?

मदत हवी आहे. आमचे ट्रक आजवर देशातच धावले. आता एक जुनं गिऱ्हाईक शेजारच्या देशात माल पोचवा म्हणतंय. भाडं बरं आहे, पण कागदपत्रं बघून डोकं गरगरतंय.

१९७५ च्या टीआयआर कराराबद्दल (सीलबंद माल गाडीने सीमेपार नेण्याचा आंतरराष्ट्रीय करार) वाचलं. दोन्ही देश त्यात असतील तर कार्नेटवर, म्हणजे या कराराखाली गाडीसोबत न्यायच्या कस्टमच्या कागदावर, कस्टम ड्युटीची हमी मिळते आणि सीलबंद माल सहसा वाटेत उघडावा लागत नाही. पण त्यासाठी बॉडी आधी मंजूर करून घ्यावी लागते. सील न तोडता आत हात जाईल अशी फट कुठेच चालत नाही. आमच्या ताडपत्रीच्या गाड्यांना कड्या आणि केबल बसवून हे जमेल, की सरळ बंद बॉडीच घेऊ? ज्यांनी हे करून घेतलंय त्यांनी खर्चासकट सांगा.

विम्याचं काय करता? तिकडची थर्ड पार्टी नाक्यावर काढता की आधीच?

आणि परतीचा माल! तिकडे भरून तिकडेच उतरवायला बहुतेक ठिकाणी परदेशी गाडीला मनाई किंवा मर्यादा असते. मग येतानाचं भाडं निघण्याआधीच पक्कं करता का? रिकामी गाडी आणणं मला तरी परवडणार नाही.