मदत हवी आहे: तोल जमतो, पायडल लावलं की हँडल वळवळतं

मंडळी, परभणीत चाळिशीपुढच्या चार बायकांना सायकल शिकवणं चालू आहे. लेडीज सायकल, सीट इतकी खाली की बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकतात. दोन्ही पायडल 15 च्या पान्यानं काढलेत. (डाव्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं तरच सुटतं. नेहमीसारखा जोर लावाल तर अजून आवळेल.) हलक्या उतारावर जमीन ढकलून, पाय उचलून सगळ्याजणी वीस-तीस फूट सरळ जातात.

घोडं अडतं ते पुढं. पायडल लावले की डावा पाय पायडल शोधायला लागतो, नजर खाली जाते, दंड ताठरतात आणि हँडल सापासारखं वळवळतं. उजवं पायडल घड्याळातल्या दोनवर ठेवून पहिला दाब जोरात द्या, हे सांगून झालं. भीतीनं दाब हळूच पडतो, वेग येत नाही, आणि वेगाशिवाय तोल कुठला! मागून सीट धरली तर तेवढ्यापुरतं जमतं, पण मग तोल धरणाऱ्याच्या हातात.

आधी एकच पायडल लावून दुसऱ्या पायानं जमीन ढकलायला लावावी का? कोणतं आधी? सीट कधी नि किती वर घ्यावी?

अजून एक. मैदान काळ्या मातीचं. शिंतोडा पडला की मडगार्डात चिखल ठासून चाक जाम, वाळलं की भेगांत चाक अडकतं. डांबरीवर आता न्यावं की थांबावं? साडीवाल्या दोघींसाठी चेनकव्हर पूर्ण बंद आहे, ती काळजी नको.