विषय: पुण्याहून आणलेल्या गोळ्या, गरोदरपणात चालतील का?

नमस्कार मंडळी,
सासूबाई पुण्याहून येताना सांधेदुखीवर महायोगराज गुग्गुळ आणि वैद्यांनी बांधून दिलेल्या पुड्या घेऊन आल्यात. माझ्या जावेला सातवा महिना लागलाय, कंबर धरते म्हणून तिलाही त्याच गोळ्या सुरू केल्यात. चालतं का हो?

---

उत्तर:
आमच्या घरी तीन पिढ्या घेताहेत. धातूचं भस्म शोधन-मारण करूनच, म्हणजे शुद्ध करून आणि भाजूनच वापरतात. शास्त्रोक्त औषधाला उगीच घाबरू नये.

---

उत्तर:
वहिनी, जावेच्या गोळ्या आजच बंद करा आणि तिच्या डॉक्टरांना फोन करा.

काका, तुमचा राग समजतो. पण शिशाला कितीही पुटं दिली, म्हणजे कितीही वेळा भट्टीत भाजलं, तरी ते शिसंच राहतं, फक्त त्याचं संयुग बदलतं. महायोगराज गुग्गुळाच्या मूळ कृतीतच नागभस्म आणि रससिंदूर आहे, म्हणजे शिसं आणि पारा. साध्या योगराजात ही भस्मं नाहीत, म्हणून बाटलीवरचा 'महा' नीट वाचायचा.

आपल्या बॉस्टनमधल्याच देशी दुकानांतून आणलेली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली होती, निष्कर्ष 2004 साली छापून आले. 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. न्यूयॉर्कमध्ये 2011-12 साली सहा गरोदर बायकांना शिशाची विषबाधा झाली होती, सहाही जणी भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून सरळ बाळापर्यंत जातं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. हे मला फार लागतं, कारण गोळी देणारी माणसं मायेनंच देत असतात.

भारतातून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतीजन्य औषधांना 2006 पासून जड धातूंची तपासणी सक्तीची आहे. बॅगेतून आलेल्या पुडीला ती कुठून लागू होणार? त्या पुडीवर तर घटकांची नावंही नसतात.

जावेच्या रक्तातलं शिसं तपासायला सांगा, शिरेतून रक्त घेऊन करतात. सासूबाईंचंही करा. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा असेल तर तोही सांगा, हे सगळं वयामुळे म्हणून सोडून देऊ नका. आणि पुड्या कचऱ्यात टाकू नका, बाटलीसकट डॉक्टरांकडे न्या, म्हणजे औषधाचीही तपासणी करता येईल. जावेचा रिपोर्ट आला की मला फोन करा, रात्री कितीही वाजले तरी चालेल.