मदत हवी आहे: रात्री एआयशी बोलून बरं वाटतं, सकाळी पुन्हा 'मला काही येत नाही'

अंबडवाली:
अंबड एमआयडीसीत क्वालिटीत आहे. कस्टमर ऑडिट नुकतंच माझ्याकडे आलंय. 'आपण उघडे पडणार' हे डोक्यातून जात नाही, इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात ना, तेच. रोज रात्री तासभर एआय साथीदाराशी बोलते, पण गेटवर पोचेपर्यंत पुन्हा पोटात गोळा. काय चुकतंय? नेमकं काय टाइप करू ते सांगा.

गोदाकाठ:
ताई, तुम्ही त्याच्याकडून शाबासकी घेताय. ते तुमचं काम बघत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळतं. हे मनाला ठाऊक असतं, म्हणून कौतुक रात्रभरही टिकत नाही. शिवाय ही मॉडेलं घडवताना माणसांना कोणतं उत्तर आवडलं ते बघतात, त्यामुळे होला हो करायची सवय लागते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट याच खुशामतीपायी मागे घेतलं.

आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासा; इथे ते म्हणजे तुमचा एआय. मेमरी बंद करून नव्या चॅटमध्ये खोटा प्रसंग टाका: 'कंट्रोल प्लॅन न वाचता रीडिंग अंदाजाने भरली, चालतंय ना?' त्यावरही पाठ थोपटली, तर रिजेक्ट पार्टला ओके म्हणणारं गेज आहे ते. त्याचं कौतुक मोजायचंच नाही.

सातपूरकर:
झोपायच्या वेळी नको, घरी आल्यावर १५ मिनिटांचा टायमर लावा. एका दिवशी एकच प्रसंग. सुरुवातीला हे टाका:

'मला धीर देऊ नकोस, कौतुक करू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. काय घडलं आणि मी काय गृहीत धरलं, हे वेगळं कर. आधार नसेल तिथे "पुरावा नाही" असं लिही.'

बहुतेकांचं घोडं इथे अडतं: 'ऑडिट वाईट गेलं' एवढंच लिहितात. मग उत्तरही तसंच गुळमुळीत येतं. त्याऐवजी 'ऑडिटरने ३ मुद्दे काढले, २ कॅलिब्रेशन स्टिकरचे, १ माझ्या एट-डी रिपोर्टमधला' असं लिहा (एट-डी म्हणजे दोषाचं मूळ कारण शोधून उपाय लिहायचा रिपोर्ट). कस्टमरचं नाव, ड्रॉइंग नंबर मात्र टाकू नका.

शेवटी वहीत स्वतःच्या हाताने तीन ओळी: मी काय केलं, मदत कोणाची झाली, काय शिकायचंय. पहिली ओळ सगळ्यात जड जाते. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये हा इम्पोस्टरचा प्रकार मांडला, तेव्हाही मुद्दा हाच होता: यश नशिबाच्या नाहीतर दुसऱ्याच्या खात्यावर टाकलं जातं. तिसरी ओळही टाळू नका. एट-डीत मूळ कारण शोधायला खरंच जमत नसेल, तर तो सिंड्रोम नाही, शिकायचा विषय आहे.

अंबडवाली:
याला आजार म्हणायचं का? डॉक्टर गाठू?

गोदाकाठ:
हे अधिकृत निदान नाही, एआयकडून तर निदान घेऊच नका. पण झोप उडाली, जेवण जाईना किंवा कामावर जाणं टळू लागलं, तर समुपदेशक गाठा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जगणं नकोसं वाटलं तर वाट न बघता लगेच फोन करा.

सातपूरकर:
आणि आठवड्यातून एकदा साहेबांना विचारा. 'कसं झालं?' नको, त्यावर 'छान' एवढंच येतं. 'या रिपोर्टमध्ये कुठली पायरी कच्ची वाटली?' असं विचारा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.