मदत हवी आहे : कॅम्पर व्हॅनच्या प्रवासासाठी लहान ग्रिल कोणते घ्यावे?

वळणवाट

नमस्कार. येत्या शनिवारी पहाटे आम्ही कॅम्पर व्हॅन घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत निघत आहोत आणि त्यापूर्वी मला एक लहान, सहज नेता येईल असे ग्रिल विकत घ्यायचे आहे. मागच्या सहलीत जे वापरले ते अगदीच कुचकामी ठरले. बांगडे एका बाजूने करपले, काट्याजवळ कच्चे राहिले आणि घरी परतल्यावर महिन्याभरातच त्याच्या ताटावर गंज चढला. ऑनलाइन दुकानांत शंभर प्रकार दिसतात आणि प्रत्येकाखाली पाच तारे देणारे व एक तारा देणारे तितक्याच हिरिरीने भांडत असतात. कृपया थेट नाव सांगावे, कारण मागवलेली वस्तू शुक्रवारपर्यंत हातात पडायला हवी. गाडीत जागा कमी आहे, हे वेगळे सांगायला नको.

खाडीपलीकडे

आपण नाव विचारले आहे, पण ग्रिल कशावर चालणार हेच लिहिलेले नाही. कोळसा, गॅस की वीज? माणसे किती आहेत? भाजणे गाडीत होणार की बाहेर? मागचे ग्रिल कोणत्या प्रकारचे होते? एवढे कळल्याशिवाय नाव सुचवणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल देण्यासारखे होईल.

करवंटी

गॅस आणि वीज यांचा विचारच करू नये. मी गेली बारा वर्षे पत्र्याची घडीची शेगडी वापरत आहे; ती मिटली की वहीएवढी होते. कोकणात जळण विकत घ्यावे लागत नाही, कारण ज्या घरमालकाच्या अंगणात आपण रात्री गाडी उभी कराल त्याच्या मागीलदारी नारळाच्या करवंट्यांचा ढीग असतोच आणि विचारून घेतल्यास कोणी नाही म्हणत नाही. पेटवण सोडणांची (नारळाच्या वाळक्या सालींची) करावी, रॉकेल मुळीच ओतू नये, कारण त्याचा वास मासळीला लागतो. करवंट्या आधी धडधडून पेटतात. त्या ज्वाळेवर मासा ठेवण्याची घाई न करता ज्वाळा बसू द्याव्यात, मग जे निखारे उरतात त्यांची धग चांगली कडक असते. बांगड्याची चरबी त्या निखाऱ्यांवर ठिबकून जो धूर उठतो, ती चव कोणत्याही गॅसला येणार नाही.

निवृत्त_यंत्री

गंजाबद्दल लिहितो. किनाऱ्यावरच्या हवेतील मिठामुळे साधे लोखंड तर गंजतेच, पण स्टेनलेस स्टीललाही डाग पडतात. घरातली बहुतेक चांगली भांडी ३०४ प्रतीच्या पोलादाची असतात. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे ती खाऱ्या हवेत अधिक टिकते, मात्र तिची किंमतही चढी असते. दुकानात जाताना खिशात लहान चुंबक ठेवावा; तो चिकटला नाही तर पोलाद चांगले समजावे.

खाडीपलीकडे

चुंबकाचा नियम अर्धवट आहे. निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या २०० मालिकेच्या स्वस्त पोलादालाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि तेच किनाऱ्यावर सर्वांत आधी डागाळते.

निवृत्त_यंत्री

मान्य आहे. चुंबक चिकटला तर शंका घ्यावी, न चिकटल्यास खात्री धरू नये, असे मी लिहायला हवे होते.

वळणवाट

मला नाव हवे होते, धातुशास्त्र नको होते. तरी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो. ग्रिल गॅसवरचेच हवे. मागच्या वेळी गॅसच्या लहान कॅनवर चालणारी, ब्रीफकेससारखी चपटी शेगडी होती आणि तिच्यावर वेगळे घेतलेले, उभ्या रेघांचे बिडाचे ग्रिल-ताट ठेवले होते. माणसे चार असून त्यांपैकी वडील शाकाहारी आहेत. माशाला वापरलेल्या ताटावर ते वांग्याचा कापही भाजू देत नाहीत, त्यामुळे दुसरे ताट लागेलच. भाजणे गाडीबाहेर, मागच्या दाराशी होईल. आता तरी नाव सांगावे.

देवगडची_सून

मुळात ग्रिलचा हट्ट कशासाठी, हे मला समजलेले नाही. बांगडा हा तव्यावर करण्याचा मासा आहे. त्याला तिरक्या चिरा द्याव्यात, हळद, मीठ, मालवणी मसाला आणि कोकमाचे आगळ चोळून अर्धा तास ठेवावे, तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवावे आणि बिडाच्या तव्यावर मंद आचेवर परतावे. तो तवा ग्रिलपेक्षा कमी जागा घेतो. गंजाची तक्रार तर मला हास्यास्पद वाटते, कारण बीड धुऊन लगेच आचेवर कोरडे करून तेलाचा हात फिरवला की ते गंजत नाही. आपण ते ओले तसेच पिशवीत भरून घरी आणले असणार.

वळणवाट

ओले होते, हे खरे आहे.

करवंटी

तव्यावर होतो तो तळलेला बांगडा, भाजलेला नव्हे. दोन्ही चांगले आहेत, पण ते एकच नाहीत. धागाकर्त्यांनी भाजण्याविषयी विचारले आहे.

देवगडची_सून

त्यांनी गॅसविषयीही विचारले आहे आणि तरीही आपण करवंट्यांवरून हटलेला नाहीत.

विजेवर_फिरणारा

आपण विजेच्या ग्रिलचा विचार का करत नाही? ज्योत नाही, धूर नाही, वाऱ्याची भीती नाही. गाडीत इन्व्हर्टर असेलच.

निवृत्त_यंत्री

गणित करून पाहावे. विजेचे लहान ग्रिल १५०० वॉटच्या आसपास असते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढी शक्ती काढायची तर १२५ अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरल्यास त्याहूनही जास्त. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरलेली असताना १.२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे पाऊण तासाच्या भाजण्यातच ती संपत येईल. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर निम्म्याखाली उतरवणे तिच्या आयुष्याला बरे नाही. जिथे प्लग मिळतो अशा अंगणातच थांबणार असाल तर वीज ठीक आहे. अन्यथा रात्री पंखा चालवायचा की बांगडे खायचे, याचा निर्णय घ्यावा लागेल, आणि मार्चच्या कोकणात मी पंखा निवडेन.

खाडीपलीकडे

मूळ तक्रारीकडे परत येतो. एका बाजूने करपलेला आणि आत कच्चा मासा हे बहुधा वाऱ्याचे लक्षण असते, ग्रिलचे नसते. गाडी कुठे आणि कोणत्या दिशेला उभी होती? आडोसा काय केला होता?

वळणवाट

गुहागरला, दुपारी चारच्या सुमारास. समुद्र दिसावा म्हणून गाडीची पाठ समुद्राकडे केली होती आणि मागचे दार वर उचलून त्याखाली शेगडी मांडली होती. वारा असा होता की ज्योत दोनदा विझली. मग मी शेगडीच्या तिन्ही बाजूंनी तेलाच्या डब्याचे कापलेले पत्रे अगदी जवळ उभे केले. त्यानंतर ज्योत छान लागली, पण पंधरा-वीस मिनिटांनी शेगडी आपोआप बंद पडली. खटका दाबून कॅन पुन्हा बसवला, तर थोड्या वेळाने पुन्हा तेच. ताट मोठे असल्यामुळे कॅनच्या कप्प्यावरही थोडे येत होते, पण त्याचा काही संबंध असेल असे वाटत नाही. शेगडीच सदोष असावी, म्हणून तर नवी घेत आहे.

निवृत्त_यंत्री

कृपया हे शांतपणे वाचावे. आपली शेगडी सदोष नव्हती. तिने आपल्याला वाचवले. कॅनमध्ये मुख्यतः ब्यूटेन द्रवरूपात असते आणि कॅन तापला की आतला दाब झपाट्याने वाढतो. म्हणूनच बहुतेक कॅनवर ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये अशी सूचना छापलेली असते. अशा बऱ्याच शेगड्यांत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गॅसची वाट बंद करणारी किंवा कॅन सोडवणारी सोय असते, आणि आपण जिला बिघाड म्हणत आहात ती हीच सोय असावी. बिडाचे मोठे ताट कॅनवर उष्णता परत फेकत होते आणि तिन्ही बाजूंचे पत्रे ती बाहेर जाऊ देत नव्हते. आपण कॅन पुन्हा बसवून तीच चूक दुसऱ्यांदा केली. ही सोय नसलेल्या किंवा बिघडलेल्या शेगडीत तो कॅन फुटू शकला असता.

दोन नियम लक्षात ठेवावेत. कॅनच्या शेगडीवर तिच्या जाळीबाहेर पसरणारे ताट किंवा तवा ठेवू नये, आणि कॅनच्या बाजूने आडोसा करू नये. शिल्लक कॅन उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत सोडू नयेत.

करवंटी

म्हणूनच मी कोळसा म्हणत होतो.

खाडीपलीकडे

कोळशातही धोका आहे, तो फक्त वेगळा आहे. विझत आलेली शेगडी वास येत नाही म्हणून रात्री गाडीत घेऊन दारे लावल्यास कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो. त्या वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो. निखारे वाळूत पुरून जाण्याची सवयही वाईट आहे, कारण वाळूखाली ते बराच वेळ धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी येणाऱ्या मुलांच्या पायाला चटके बसतात. पाणी ओतून ते पूर्ण विझवावेत.

करवंटी

मी पाणीच ओततो.

निवृत्त_यंत्री

धागाकर्त्यांना नाव हवे आहे, तर त्याआधी प्रकार सांगतो. आपल्याला सिलिंडर आणि ज्योत यांच्यामध्ये रबरी नळीचे अंतर असलेले ग्रिल हवे. मग ताट केवढेही असले आणि आडोसा केला, तरी गॅसचा साठा तापत नाही. २३० ग्रॅमचा कॅन २ किलोवॉटच्या बर्नरवर सुमारे दीड तास पुरतो. ५ किलोचा लहान सिलिंडर तीस तासांच्या आसपास चालतो, म्हणजे आपल्या सहलीला तो एकच पुरून उरेल. भाजताना सिलिंडर गाडीबाहेर, उभा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ठेवावा. आडवा ठेवल्यास नळीत वायूऐवजी द्रव शिरू शकतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो गाडीच्या तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली, जमिनीलगत बाहेर उघडणारे भोक असले पाहिजे. वरच्या खिडकीचा उपयोग नाही. नळी आयएस ९५७३ हा शिक्का असलेली घ्यावी आणि जोडणी झाल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

नावच हवे असेल तर कॅडॅक या दक्षिण आफ्रिकी कंपनीचे सफारी शेफ हे ग्रिल पाहावे. त्यावर जाळीचे ताट, सपाट तवा आणि झाकण अदलून-बदलून बसते, म्हणजे वडिलांचा प्रश्नही सुटतो. मात्र ते कॅनवरचे आणि नळीवरचे अशा दोन प्रकारांत येते. नळीवरचे घ्यावे आणि ते किती दाबासाठी बनवले आहे हे विकणाऱ्याला लेखी विचारावे. आपल्याकडील घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारचा असतो, तर युरोपातल्या काही देशांसाठीची ग्रिल ५० मिलिबारची असतात. ती इथे रडतरखडत जळतात.

देवगडची_सून

म्हणजे शेवटी त्यात तवा आहेच.

सुरूबन

आपण विचारलेले नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. वाटेत वेळास किंवा आंजर्ले येत असेल, तर या महिन्यांत रात्री पुळणीवर ज्योत किंवा दिवा लावू नये. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने चालतात आणि दुसरा उजेड दिसल्यास भरकटतात. सुरूच्या बनातही ग्रिल मांडू नये, कारण तिथे खाली पडलेला वाळका पाला ठिणगीने पेट घेतो.

खाडीपलीकडे

वाऱ्याचे तेवढे सांगतो आणि थांबतो. आपल्या किनाऱ्यावर दुपारभर समुद्रावरून खारे वारे येतात आणि चारच्या सुमारास ते जोरात असतात. आपण नेमकी तीच वेळ आणि तीच दिशा निवडलीत. सूर्य बुडाल्यानंतर वारा पडतो आणि रात्री उशिरा जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुरू होतात. त्या मधल्या शांत वेळेत भाजावे. दुपारीच भाजायचे असल्यास गाडी किनाऱ्याला समांतर उभी करून तिच्या जमिनीकडच्या बाजूला ग्रिल मांडावे. समुद्र दिसणार नाही, पण बांगडा शिजेल.

वळणवाट

सर्वांचे आभार. पत्र्यांचा प्रकार घरी सांगितला नव्हता. हा धागा पत्नीने वाचला आणि आता सांगायची गरज उरलेली नाही. सफारी शेफ शुक्रवारपर्यंत पोहोचवायला कोणीही विक्रेता तयार नाही. पर्याय सुचतो का?

निवृत्त_यंत्री

जवळच्या भांड्यांच्या दुकानातून नळीवर चालणारी एका बर्नरची साधी शेगडी घ्यावी. आपले बिडाचे ताट गंज घासून, तेल लावून त्यावर ठेवावे, आणि झाकण म्हणून घरातले मोठे ॲल्युमिनियमचे पातेले उपडे घालावे. आत कच्चे राहण्याचा प्रश्न त्या उपड्या पातेल्यानेच सुटेल, कारण त्यामुळे वरूनही उष्णता लागते.

वळणवाट

परत आलो. निवृत्त_यंत्री यांनी सांगितल्याप्रमाणेच केले. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावानंतर बांगडे घेतले, गाडी रस्त्यालगत आडवी लावली आणि अंधार पडल्यावर पातेल्याखाली प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटे ठेवली. काट्यापर्यंत शिजले. वडिलांची वांगी आणि पनीर सपाट तव्यावर आधी केले, त्यामुळे वाद झाला नाही. एकच अडचण उरली आहे. मालवणला स्वस्त मिळाली म्हणून मांदेली ही बारीक मासळी घेतली, आणि ती ताटाच्या रेघांमध्ये चिकटून तिचा चुरा झाला. तिच्यासाठी बारीक जाळीची, दोन पाखांची पकड मिळते का?

देवगडची_सून

मांदेली तव्यावर करतात.